निर्णय अंतिम, कारण गायब

आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेचं कुठलंही माहितीपत्रक उघडा. शेवटचा किंवा त्याच्या आधीचा नियम ठरलेला असतो : परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील. काही आयोजक त्याला आणखी एक ओळ जोडतात, निकालाबाबत कोणतीही तक्रार ऐकून घेतली जाणार नाही. स्पर्धा ऑनलाइन झाल्यापासून हे पत्रक लांबतच चाललं आहे. कॅमेरा चालू ठेवा, मागची भिंत कोरी असू द्या, कागदात बघू नका, दहा मिनिटं आधी लिंकवर हजर राहा, नावापुढे महाविद्यालयाचा संकेतांक लिहा, नेट गेलं तर आयोजक जबाबदार नाहीत. हे सगळे नियम विद्यार्थ्यासाठी. परीक्षकानं काय ऐकायचं, कशाला गुण द्यायचे, कशाचे कापायचे नाहीत आणि निकाल देताना काय सांगायचं, याबद्दल पत्रकात एक अक्षर नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, निर्णय अंतिम असू द्या, पण तो कारणासकट द्या. ज्या स्पर्धेत विद्यार्थ्याला प्रत्येक वाक्याला ‘कशावरून?’ असं विचारलं जातं, त्या स्पर्धेच्या निकालाला मात्र तो प्रश्न विचारायचा नाही, हे मला मान्य नाही.

आणि निदान या छत्रपती संभाजीनगर शहरात तरी हे चालू नये. मिलकॉर्नरकडून विद्यापीठाच्या दिशेनं निघालं की बारापुल्ला दरवाजा ओलांडून आपण नागसेनवनात शिरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली इथं महाविद्यालय काढलं. मराठवाड्यातल्या ज्या पोरांच्या घरात शाळेची पायरी कुणी चढलेलं नव्हतं, ती पोरं या महाविद्यालयातून पदवीधर झाली. महाविद्यालयाला नाव मिळालं मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. दोन्ही नावं एका वादविवादातली आहेत. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला यवन राजा, आजच्या पाकिस्तानातलं सियालकोट ही त्याची राजधानी. नागसेन हा बौद्ध भिक्खू. दोघांची प्रश्नोत्तरं ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहेत.

या ग्रंथात वाद सुरू होण्याआधी नियम ठरतात. राजा चर्चेला बोलावतो, तेव्हा नागसेन आधी अट घालतो. पंडितांसारखा वाद करणार असाल तर मी तयार आहे, राजांसारखा करणार असाल तर नाही. राजा फरक विचारतो. नागसेनाच्या उत्तराचा आशय असा : पंडितांच्या वादात एक जण गाठ मारतो, दुसरा ती सोडवतो, चूक दाखवून दिली तर ती कबूल केली जाते, एक जण भेद करतो तर दुसरा त्यातही भेद दाखवतो आणि एवढं होऊनही कुणी चिडत नाही. राजे मात्र आपलं म्हणणं मांडतात आणि ज्याला ते पटत नाही त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंदानं पंडितांची रीत पत्करली, म्हणून तो ग्रंथ झाला. आपल्या स्पर्धांचं नियमपत्रक आजही राजाच्या रीतीनं लिहिलं जातं, हे मला या शहरात राहून फार टोचतं.

दुसरा दाखला जालना रोडवर आहे. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथे १९८१ पासून आहे. तिथल्या न्यायमूर्तींचा अधिकार कुठल्याही स्पर्धेच्या परीक्षकापेक्षा कितीतरी मोठा, तरीही त्यांना निकालात कारणं लिहावी लागतात. दोन्ही बाजूंनी काय म्हटलं, त्यातलं काय ग्राह्य धरलं, काय नाकारलं आणि का, हे सगळं कागदावर येतं. कारणं न देता दिलेला आदेश त्याच कमतरतेपायी वरच्या न्यायालयात रद्द होऊ शकतो. शहरात २०१७ पासून महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठही आहे. तिथली मुलं पहिल्या वर्षापासून हे शिकतात की कारणाशिवायचा निर्णय म्हणजे नुसती मर्जी. त्याच शहरातल्या वादविवादाच्या मंचावर मात्र तीन परीक्षक तीन आकडे लिहितात, संयोजक बेरीज करतो आणि नावं वाचली जातात.

अशी एक ऑनलाइन स्पर्धा मी प्रेक्षक म्हणून लिंकवर बसून पाहिली. आयोजकांचं नाव घेत नाही, कारण दोष एकट्या त्यांचा नाही, सगळीकडे हेच चालतं. विषय होता, ऑनलाइन शिक्षण हे वर्गातल्या शिक्षणाला पर्याय ठरू शकतं. बाजूनं बोलणाऱ्या एका मुलानं खर्चाचा मुद्दा काढला, प्रवास वाचतो, खोलीचं भाडं वाचतं, मेसचे पैसे वाचतात. भाषण छान, सुरुवातीला शेर, शेवटी सुभाषित. चार जणांनंतर सोयगावकडची एक मुलगी विरुद्ध बाजूनं बोलायला आली. तिनं त्याच मुद्द्याला हात घातला. ती म्हणाली की आमच्या घरात स्मार्टफोन एकच आणि तो सकाळी वडिलांसोबत बाजार समितीत जातो. म्हणजे माझा तास कधी भरणार हे वडील कधी परत येणार त्यावर ठरतं. तुम्ही म्हणता तो खर्च वाचत नाही, तो महाविद्यालयाच्या खात्यातून निघून आमच्या घरावर पडतो. पुढे तिनं दुसरा फोन, महिन्याचं रिचार्ज आणि शेतातल्या कामाचा बुडालेला वेळ यांची बेरीज मांडून दाखवली. त्या संपूर्ण दुपारी समोरच्याचा मुद्दा नाव घेऊन खोडणारी ती एकटीच होती.

तिला क्रमांक मिळाला नाही. उत्तेजनार्थही नाही. निकालानंतर स्पर्धेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिनं एक ओळ टाकली, “सर, माझं काय कमी पडलं ते सांगाल का, म्हणजे पुढच्या वेळी सुधारणा करता येईल.” उत्तर म्हणून माहितीपत्रकातल्या त्या अंतिम निर्णयाच्या नियमाचा फोटो आला. पाठोपाठ ग्रुपची सेटिंग बदलली, आता फक्त ॲडमिनच संदेश पाठवू शकतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीनं शिकण्यासाठी विचारलेल्या प्रश्नाला तोंड बंद करून उत्तर दिलं गेलं. नागसेनानं सांगितलेली राजांची रीत म्हणतात ती हीच.

तिचे गुण कुठे गेले असतील, याचा अंदाज गुणपत्रक पाहिलं की बांधता येतो. आपल्याकडच्या गुणपत्रकांत रकाने साधारण असे असतात : विषयप्रतिपादन, भाषाशैली, उच्चार, हावभाव, एकूण परिणाम. पाचांपैकी एक रकाना मुद्द्याचा आणि चार बोलण्याच्या ढंगाचे. समोरच्याच्या मुद्द्याला उत्तर दिलं का, यासाठी रकानाच नाही. म्हणजे त्या मुलीनं वादविवादात करायची जी मुख्य गोष्ट केली, तिला गुण द्यायला परीक्षकाकडे जागाच नव्हती. ‘एकूण परिणाम’ या रकान्याचा अर्थ तर कुणीच लिहून ठेवलेला नसतो. परीक्षकाला जे आवडलं पण दुसऱ्या कुठल्याच रकान्यात बसवता आलं नाही, ते तिथे जाऊन बसतं.

उच्चाराच्या रकान्याबद्दल मला जास्त राग आहे. मराठवाड्यातला विद्यार्थी घरी ‘करायलाय’, ‘जायलाय’ म्हणतो. बीडचा मुलगा वेगळं बोलतो, कन्नडची मुलगी वेगळं, किनवटच्या मुलाच्या बोलण्यात तेलुगूची लय असते, या शहरातल्या निम्म्या गल्ल्यांत दखनी उर्दू बोलली जाते. हे सगळे एका पडद्यावर येतात आणि परीक्षक पुस्तकी ण-न आणि श-ष मोजत बसतात. लॅपटॉपच्या स्वस्त माइकमधून ‘ण’ नीट पोचला नाही तर त्याचाही दंड विद्यार्थ्यालाच. बोलणं स्पष्ट ऐकू यावं, वाक्य पूर्ण व्हावं, ऐकणाऱ्याला समजावं, एवढी अपेक्षा रास्त आहे. त्यापुढे जाऊन घरच्या बोलीचे गुण कापणं म्हणजे विद्यार्थी कुठल्या घरातून आला, त्याचे गुण कापणं. ज्या भागात मिलिंद महाविद्यालय काढावं लागलं त्या भागात तरी हा रकाना काढून टाका.

जगात इतरत्र काय चालतं ते पाहू. जगभरच्या विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची वर्ल्ड युनिव्हर्सिटीज डिबेटिंग चॅम्पियनशिप ही स्पर्धा १९८१ पासून भरते. २०१४ ची स्पर्धा चेन्नईत झाली. कोविडमुळे २०२१ ची कोरियातली आणि २०२२ ची बेलग्रेडची, अशा दोन स्पर्धा ऑनलाइन झाल्या. म्हणजे पडद्यावरचा वाद कसा जोखायचा हा प्रश्न त्यांच्याही पुढ्यात आला होता. त्यांची पद्धत अशी : एका फेरीत चार संघ, प्रत्येकात दोघं. विषय पंधरा मिनिटं आधी कळतो. प्रत्येकाला सात मिनिटं. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधल्या वेळात समोरची बाजू प्रश्न विचारू शकते, तो घ्यायचा की नाही हे बोलणारा ठरवतो.

परीक्षकाकडून तिथे ज्या अपेक्षा असतात त्या आपल्या प्रत्येक संयोजकानं वाचाव्यात. परीक्षकानं स्वतःला विषयातला तज्ज्ञ समजायचं नाही. बातम्या वाचणारा, विचार करणारा, कुठल्याही बाजूला बांधला न गेलेला सामान्य मतदार ऐकायला बसला आहे असं समजून ऐकायचं. जे वादात बोललं गेलं तेवढंच मोजायचं. विद्यार्थ्याच्या मुद्द्यातली उरलेली जागा आपल्या ज्ञानानं भरायची नाही आणि कुणीच न मांडलेला आक्षेप मनात काढून गुणही कापायचे नाहीत. परीक्षकांनी आपसात चर्चा करून चारही संघांचा क्रम लावायचा, एकमत झालं नाही तरच मतदान. मग मुख्य परीक्षकानं संघांना समोर बसवून हा क्रम का लागला ते सांगायचं. बाद फेरीत कोण जाणार याची चुरस टिकावी म्हणून प्राथमिक फेऱ्यांपैकी शेवटच्या तीन फेऱ्यांचा निकाल तेवढा राखून ठेवतात.

त्यानंतरची पायरी आपल्याकडच्या अनेकांना झेपणार नाही. निकाल ऐकून झाल्यावर विद्यार्थी परीक्षकाबद्दल अभिप्राय भरतात. कारण पटण्यासारखं होतं का, परीक्षकानं नीट ऐकलं का, सगळे मुद्दे टिपले का. या अभिप्रायांवरून त्या परीक्षकाला पुढच्या फेरीत कुठली जबाबदारी द्यायची ते ठरतं. परीक्षकाचीही परीक्षा होते आणि ती घेणारा विद्यार्थी असतो. यात कुणाचा मान कमी झाल्याचं कधी ऐकलं नाही. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा संघांसाठी त्या स्पर्धेत वेगळी अंतिम फेरीही असते. भाषेच्या ओझ्याची दखल घेण्याइतकी समज जागतिक मंचाला आहे.

शालेय गटाच्या जागतिक स्पर्धेत १०० पैकी ४० गुण आशयाला, ४० शैलीला आणि २० डावपेचाला असतात. भारताच्या संघानं २०१९ मध्ये बँकॉकला ही स्पर्धा जिंकली. शैलीला तिथेही ४० आहेत, तेव्हा बोलण्याच्या ढंगाला किंमतच नको असं माझं म्हणणं नाही. पण त्या ४० च्या शेजारी मुद्द्याचे ४० आहेत आणि कुठला मुद्दा आधी घ्यायचा, समोरच्याला कुठे गाठायचं, वेळ कशावर घालवायचा याचे २० आहेत. शैली एकटी राज्य करत नाही.

आपल्याकडे ती करते, याला इतिहासही आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या काळात, १८७५ साली सुरू झाली, तेव्हापासून महाराष्ट्रानं वक्त्यांवर जीव लावला. ते मोठं काम होतं. पण त्याच प्रेमापोटी आपण वादविवादालाही वक्तृत्वाच्या साच्यात घातलं. प्रत्येक महाविद्यालय दोघांना पाठवतं, एक विषयाच्या बाजूनं, एक विरुद्ध. दोघं आपापली पाठ केलेली पाच-सहा मिनिटं बोलतात आणि उतरतात. अनुकूल बाजूचा विद्यार्थी काय म्हणाला याच्याशी प्रतिकूल बाजूच्या विद्यार्थ्याला काही देणंघेणं नसतं, कारण त्याचं भाषण आठ दिवसांपूर्वी लिहून झालेलं असतं. एकाच महाविद्यालयाचे दोघं परस्परविरोधी बोलत असल्यानं ते एकमेकांना अडवतही नाहीत. याला वादविवाद म्हणता येत नाही. या दोन वक्तृत्व स्पर्धा आहेत, एकाच मंचावर आलटून पालटून भरवलेल्या.

ऑनलाइन आल्यावर हे सुधारायची चांगली संधी होती. प्रवासखर्च नाही, मुक्कामाची सोय करायला नको, उदगीरचा संघ आणि वैजापूरचा संघ एका संध्याकाळी समोरासमोर आणता येतो. झालं उलटंच. कितीतरी आयोजकांनी समोरासमोर येण्याची गरजच काढून टाकली. चार मिनिटांचा व्हिडिओ करा, गुगल फॉर्मवर टाका, शुल्क क्यूआर कोडवर भरा, ई-प्रमाणपत्र मेलवर येईल. काही ठिकाणी व्हिडिओला मिळालेल्या लाइक्सचेही गुण धरतात. ज्याचे नातेवाईक जास्त त्याचा मुद्दा खरा, हा नियम शिक्षणसंस्थेच्या लेटरहेडवर छापला जातो याची मला शरम वाटते. अशा स्पर्धेला वादविवाद हे नाव वापरायला सरळ मनाई असावी.

मग ऑनलाइन वाद कसा घ्यावा? समोरासमोर आणि त्याच वेळी. प्रश्न विचारण्याची मुभा देऊन. विषय पंधरा-वीस मिनिटं आधी सांगून आणि बाजू चिठ्ठी टाकून. एवढं केलं तर आज आयोजकांना भेडसावणारे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. हल्ली सगळ्यांना चॅटजीपीटीची धास्ती आहे. मुलं भाषण यंत्राकडून लिहून घेतात, अशी तक्रार प्रत्येक संयोजक करतो. पण यंत्र येण्याआधी भाषण लिहून देणारे सर होतेच, वर्षानुवर्षं होते, त्यांच्यावर कुणी नियम केला नाही. कुणी लिहिलं हे शोधत बसण्यापेक्षा भाषणाच्या मधोमध एक प्रश्न विचारा. ज्यानं विचार केलेला आहे तो उत्तर देईल, ज्यानं पाठ केलेलं आहे तो पुढचं वाक्य आठवत बसेल. कॅमेरा, दुसरा मोबाईल, डोळे कुठे बघतात यांची पहारेदारी करण्यात परीक्षकाचं अर्धं लक्ष जातं. ते लक्ष मुद्द्यावर हवं.

कॅमेऱ्याचा नियम तर ताबडतोब बदला. नेट कमी असताना कॅमेरा बंद केला की आवाज नीट पोचतो, हे प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत आहे. ओळख पटवण्यापुरता सुरुवातीला कॅमेरा लावा, मग बंद ठेवायची मोकळीक द्या. कोरी भिंत ही अट ज्यानं लिहिली त्यानं दोन खोल्यांच्या घरात कधी अभ्यास केलेला नसावा. सोयगावकडच्या त्या मुलीच्या मागे कपडे वाळत होते, आणि एकदा धाकटा भाऊ येऊन गेला. परीक्षकांपैकी एकानं त्यावर टिप्पणी केली. परीक्षकानं काय बोलू नये याचा नियम असता तर ती झाली नसती.

नेटसाठी नियम आधीच लिहून ठेवा. संपर्क तुटला की घड्याळ थांबेल, पाच मिनिटं वाट पाहू, जिथे थांबला तिथून उरलेला वेळ मिळेल, तेवढ्यात नाही जमलं तर साध्या फोन कॉलवरून आवाज घेऊ, तेही नाही झालं तर जोडीदार बोलेल. सोयगाव, जिंतूर, किनवट इथल्या मुलांसाठी हा नियम जीव की प्राण आहे. ‘आयोजक जबाबदार नाहीत’ हे एक वाक्य लिहून गावाकडचा विद्यार्थी स्पर्धेआधीच बाद करता येतो, आणि आज तेच होतं.

आता ज्या गोष्टीची मला खरी भीती वाटते, ती रेकॉर्डिंगची. ऑनलाइन वाद सहज रेकॉर्ड होतो. निकालावर आक्षेप आला तर परत ऐकता येतं, हा त्याचा मोठा फायदा. पण मराठवाड्यात आरक्षणावर वाद ठेवा, आणि जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर तो विषय किती तापलेला आहे हे कुणाला सांगायला नको. चिठ्ठीत विरुद्ध बाजू आली म्हणून विरुद्ध बोललेल्या मुलाची तीस सेकंदांची क्लिप कुणी कापून गावच्या ग्रुपवर टाकली, तर त्याच्या घरावर काय प्रसंग येईल याचा विचार आयोजकांनी केला आहे का? तो त्याचं मत बोलत नव्हता, त्याला मिळालेली बाजू बोलत होता, हे क्लिपखाली कुणी लिहिणार नाही. म्हणून रेकॉर्डिंग फक्त आयोजकांनी करावं, आक्षेपाची मुदत संपली की पुसावं, विद्यार्थ्याच्या लेखी होकाराशिवाय कुठेही टाकू नये, आणि बाजू चिठ्ठीनं ठरल्याचं फेरीच्या सुरुवातीलाच जाहीर करावं. हा नियम सर्वांत वर छापा. परीक्षकानंही तो पाळायचा आहे, विद्यार्थ्याच्या वाट्याला आलेल्या बाजूवरून त्याच्याबद्दल मत बनवायचं नाही, आणि आपल्या मताची बाजू मांडणाऱ्याला दोन गुण जास्त द्यायचे नाहीत.

विषयांबद्दल थोडक्यात. मोबाईल शाप की वरदान, विज्ञान तारक की मारक, स्त्री-पुरुष समानता काळाची गरज. हे विषय पुरले पाहिजेत. समानतेच्या विरुद्ध बोलायला लावून आपण विद्यार्थ्याला काय शिकवतो? दोन्हीकडून वजनदार बोलता येईल असे विषय या मातीत पडलेले आहेत. जायकवाडीचा साठा १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं मेंढेगिरी समितीचं सूत्र आहे. हे सूत्र न्याय्य आहे, यावर नाशिकचा एक आणि पैठणचा एक संघ समोरासमोर बसवा आणि बाजू उलट्या द्या. पैठणच्या मुलांनी नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराची बाजू मांडावी, नाशिकच्या मुलांनी जायकवाडीच्या खालच्या शेतकऱ्याची. ऑनलाइन स्पर्धेचा याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

परीक्षकांकडून एक तक्रार येते आणि ती खोटी नाही. दिवसभर बसवतात, चाळीस-चाळीस भाषणं ऐकवतात, हातात शाल, श्रीफळ आणि जाण्यायेण्याचं भाडं, वर कारणंही लिहून द्या म्हणता. खरं आहे. परीक्षकाला योग्य मानधन द्या आणि एका दिवसात एकाला झेपतील तेवढ्याच फेऱ्या द्या. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तासभर सगळ्या परीक्षकांना एकत्र बसवा, एक जुना वाद ऐकवा, प्रत्येकानं निकाल द्यावा आणि कारण सांगावं. एकाच भाषणाला तिघं किती वेगवेगळे गुण देतात हे तिथेच दिसेल. नात्यातला, शिकवणीतला, आपल्या महाविद्यालयातला विद्यार्थी असेल तर परीक्षकानं आधी सांगून ती फेरी सोडावी. आपल्या भागात सगळे एकमेकांना ओळखतात, ही सबब त्यासाठी चालणार नाही. ओळख आहे म्हणूनच नियम हवा, आणि ऑनलाइन स्पर्धेत नागपूरचा किंवा बेळगावचा परीक्षक बसवायला प्रवासाचा एक रुपयाही लागत नाही.

आणि कारण सांगायला वेळ लागतो तरी किती? पाच मिनिटं. या वादात निर्णायक प्रश्न कोणता होता. त्यावर कुठल्या बाजूचं म्हणणं उभं राहिलं आणि का. हरलेल्या बाजूनं काय केलं असतं तर निकाल बदलला असता. एवढं ज्याला सांगता येत नाही, त्यानं वाद ऐकलेला नाही, आणि न ऐकलेल्या वादाचा निकाल द्यायचा अधिकार वय, पद किंवा पीएचडी यांपैकी कशानंही मिळत नाही.

युवक महोत्सव, महाविद्यालयांची स्नेहसंमेलनं, फिरते चषक, सगळ्यांची पत्रकं वर्षभर निघत राहतील. प्राचार्यांनो, संयोजकांनो, तो अंतिम निर्णयाचा नियम ठेवा, पण त्याच्याआधी एक नियम घाला : प्रत्येक फेरीनंतर परीक्षक निकालाची कारणं स्पर्धकांसमोर सांगतील. आणि विद्यार्थ्यांनो, पत्रकात ही ओळ दिसली नाही तर प्रवेशशुल्क भरण्याआधी खाली दिलेल्या नंबरवर फोन करा आणि विचारा की परीक्षक कारण सांगणार आहेत का. नाही म्हणाले, तर पैसे भरू नका.